पत्र्याखालच्या माळ्यावरची ओल दरवर्षी परत का येते

पावसाळा संपून दोन-तीन महिने झालेले असतात, आभाळ निरभ्र असते, आणि तरीही डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या सुमारास माळ्यावरून फॉल्स सीलिंगवर टपटप थेंब पडू लागतात. ऊन चढले की सारे कोरडे होते, म्हणून दुपारी पाहायला आलेल्या मिस्त्रीला काहीच सापडत नाही. मग मे महिन्यात पत्र्यावर चढून प्रत्येक स्क्रूभोवती सीलंट भरले जाते, पावसाळा कसाबसा निघतो, आणि थंडी पडताच तीच टपटप पुन्हा सुरू होते. दरम्यान सीलिंगवर पिवळे डाग पडतात, माळ्यावरच्या चटया, गाद्या आणि पुस्तके यांना कुबट वास येऊ लागतो आणि वाशांच्या टोकांवर काळी बुरशी चढते. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत, कौले उतरवून पत्रे घातलेल्या असंख्य घरांची ही तक्रार आहे. माझे ठाम मत असे की, यांतल्या बऱ्याच घरांत सीलंटचा काहीही उपयोग होत नाही, कारण ते पाणी आभाळातून आलेलेच नसते.

कौलारू घरात ही अडचण फारशी का नव्हती, हे आधी पाहू. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती मंगलोरी कौले कोकणभर पसरली. या कौलांच्या प्रत्येक सांध्यातून थोडी थोडी हवा खेळत असते. भाजलेली माती थोडे पाणी शोषून घेते आणि नंतर सावकाश सोडते, त्यामुळे कौलाच्या आतल्या बाजूला थेंब सहसा धरत नाहीत. शिवाय खाली चूल पेटती असे, आणि तिची ऊब व धूर माळ्यातून फिरून आढ्यापाशी बाहेर पडत असे. आता वानरांनी कौले फोडल्यामुळे, शाकारणीला माणसे मिळत नाहीत म्हणून किंवा सागवानी वासे महाग पडतात म्हणून आपण लोखंडी पाइपांवर पत्रे घालतो, आढ्याची फट बंद करतो, वळचणीला प्लायवूड ठोकतो आणि खाली सीलिंग लावतो. पत्रा पाणी शोषत नाही, हवा जाऊ देत नाही आणि आसपासच्या कोणत्याही वस्तूपेक्षा लवकर थंड होतो. थोडक्यात, माळ्याची जुनी हवा-वाट आपण बंद केली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली नाही.

थेंब कुठून येतात

हवेत मावणारी वाफ तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना मात्र जेमतेम १७ ग्रॅम. हवा ज्या तापमानाला उतरली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात, आणि त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर थेंब धरतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसेच हे आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. त्याच वेळी घरातली उबदार, दमट हवा सीलिंगच्या फटींतून वर चढून त्याला भिडते. अशा पहाटे माळ्यावर जाऊन विजेरीचा उजेड पत्र्याला जवळजवळ समांतर धरला, तर सारा पत्रा बारीक थेंबांनी झाकलेला दिसतो. आतल्या बाजूला आलेले स्क्रूचे प्रत्येक टोक ओले असते, आणि उतारावरून ओघळणारे पाणी आडव्या पाइपाशी अडून तिथूनच खाली ठिबकत असते. स्क्रूपाशी पाणी दिसते म्हणून स्क्रूच गळतो असे वाटते, ते यामुळे. चौरस मीटरमागे अवघे १०० ग्रॅम पाणी धरले तरी ८० चौरस मीटरच्या छपरावर ८ लिटर होतात. कमी उताराच्या शेडमध्ये हे थेंब वळचणीपर्यंत न ओघळता वाटेतच गळतात, म्हणून तिथे त्रास अधिक जाणवतो.

पावसाळ्यातही याचा एक फसवा प्रकार आहे. धो धो पावसात पत्रा पावसाच्या पाण्याइतका थंड होतो. घरात स्वयंपाक चालू असेल, दोऱ्यांवर कपडे वाळत असतील, दारे-खिडक्या लावलेल्या असतील, तर आतल्या हवेचा दवबिंदू त्याहून वर जातो आणि पावसातच पत्रा आतून ठिबकू लागतो. वर पाऊस आणि खाली थेंब म्हटल्यावर कोणीही गळती असेच म्हणणार, आणि ते स्वाभाविकच आहे.

आधी निदान

गळती आणि दव यांतला फरक ओळखण्याची पहिली खूण वेळ ही आहे. कोरड्या दिवसांत पहाटे येणारे आणि उन्हाबरोबर नाहीसे होणारे पाणी हे दव असते. नैर्ऋत्येकडून झड आली की ठरावीक ठिकाणीच येणारे पाणी ही गळती असते. दुसरी खूण पसाऱ्याची. दव साऱ्या पत्र्यावर असते आणि साऱ्या स्क्रूंची टोके सारखीच गंजवते, तर गळतीचा एक माग असतो, तो वर शोधत गेले की भोक, सरकलेला पत्रा, कडक होऊन फुटलेला वॉशर किंवा दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीतला पालापाचोळा सापडतो. शंका उरली तर कोरड्या दिवशी एकाने माळ्यावर बसावे आणि दुसऱ्याने नळीने पाणी सोडावे. सुरुवात वळचणीपासून करावी, एकेका पट्ट्यावर काही मिनिटे थांबावे आणि मगच आढ्याकडे सरकावे. आढ्यापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहते आणि दोष नेमका कुठे आहे हे कळत नाही.

जांभ्याच्या भिंतीतून ओल चढत असल्याचा संशय असेल तर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून भिंतीवर एक रात्र ठेवावा. सकाळी तुकड्याच्या आत, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब असतील तर ओल भिंतीची आहे, आणि बाहेरून थेंब असतील तर ती हवेची आहे.

यापुढच्या कामासाठी दोन साधे डिजिटल आर्द्रतामापक घ्यावेत, एक माळ्यावर आणि एक बाहेर पडवीत सावलीला. दोन्ही एकसारखे दाखवतात का, हे तपासायला झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने लगद्याइतके भिजवावे आणि मापकांसह घट्ट डब्यात रात्रभर ठेवावे. आत सुमारे ७५ टक्के आर्द्रता दिसली पाहिजे. जो फरक असेल तो टिपून ठेवावा. आर्द्रतेच्या आकड्यावरून मात्र थेट निष्कर्ष काढू नये, त्यावरून दवबिंदू काढावा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर १०० मधून आर्द्रता वजा करून पाचने भागावे आणि तो आकडा तापमानातून वजा करावा, एवढे पुरते. माळ्यावर २२ अंश आणि ८५ टक्के असतील तर दवबिंदू सुमारे १९ अंश, म्हणजे पत्रा १९ च्या खाली गेला की थेंब धरणार. माळ्याचा दवबिंदू बाहेरच्यापेक्षा सतत वर राहत असेल तर ओल बहुधा घरातून येत आहे, असे समजावे. दोन्ही सारखे असतील आणि तरीही ठिबकत असेल तर दोष पत्र्याच्या थंडपणाचा आहे. सगळ्या उपायांची निवड या एका तुलनेवर ठरते, म्हणून थंडीतल्या आठ-दहा पहाटेच्या नोंदी केल्याशिवाय खर्चाला हात घालू नये.

घरातली वाफ माळ्यावर जाऊ न देणे

ओल घरातूनच येत असेल तर छपराला हात लावण्याआधी खालच्या वाटा बंद कराव्यात. सर्वांत मोठा दोष मला स्नानगृहाच्या एक्झॉस्ट फॅनमध्ये आणि स्वयंपाकघराच्या चिमणीत दिसतो. त्यांचा पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत न नेता सीलिंगच्या वरच मोकळा सोडलेला असतो. खालून ते दिसत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. गॅस जळताना किती पाणी तयार होते, याची कल्पना नसते. १४.२ किलोचे एक सिलिंडर जळून संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन हवेत गेलेले असते, आणि भाताची पेज व आंघोळीच्या पाण्याची वाफ ही त्याशिवाय. हे पाइप भिंतीबाहेर काढावेत, किंचित बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि तोंडाला उघडझाप करणारी झडप बसवावी.

त्यानंतर माळ्याचे दार, दिव्यांसाठी पाडलेली भोके, वायरी आणि पाण्याचे पाइप वर जातात त्या जागा, भिंत आणि सीलिंग यांमधली फट, या सगळ्या भरून घ्याव्यात. माळ्याच्या दाराच्या कडेला रबरी पट्टी लावावी. वर पाण्याची टाकी असेल तर तिला घट्ट झाकण हवे. थंड प्रदेशांत, जिथे सीलिंगवर उष्णतारोधक अंथरून वरचा माळा मुद्दाम गार ठेवतात, तिथेही तज्ज्ञ आधी सीलिंगच्या फटी बंद करायला सांगतात आणि झरोक्यांचा विचार नंतर करतात, कारण फटी उघड्या असताना वर झरोके पाडले तर घरातली दमट हवा उलट अधिक जोराने वर ओढली जाते. हा नियम कोकणात जसाच्या तसा लागू पडतो.

हवेची वाट

माळ्याला खाली हवा येण्याची आणि वर बाहेर पडण्याची अशा दोन्ही जागा हव्यात. खालची वळचणीला, वरची आढ्याला. एकच ठेवली तर हवा फिरत नाही. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा मागितलेली आहे, आणि वर-खाली योग्य वाटणी व इतर अटी पाळल्यास १/३०० चालते. आपल्या दमट हवेत मी १/१५० धरूनच काम सुरू करावे असे म्हणेन. म्हणजे ६० चौरस मीटरच्या माळ्याला एकूण ०.४ चौरस मीटर, त्यातली निम्मी वळचणीला दोन्ही बाजूंनी वाटून आणि निम्मी आढ्याला. ही मोकळी जागा म्हणजे प्रत्यक्ष हवा जाईल तेवढीच. जाळी आणि तिरप्या पट्ट्या बसवल्या की त्यातली बरीच अडते, म्हणून भोक दुपटीच्या आसपास पाडावे लागते. जाळी ४ ते ६ मिलिमीटरची आणि स्टेनलेस स्टीलची असावी. त्याहून बारीक जाळी कोळिष्टकांनी व धुळीने बुजते, मोठ्या जाळीतून पाकोळ्या आणि उंदीर शिरतात, आणि साध्या लोखंडी जाळीचा खाऱ्या वाऱ्यात थोड्याच काळात गंज होतो.

आढ्याची फट उघडताना झडीचा विचार सोडून चालणार नाही. आढ्याचा पत्रा दोन्ही बाजूंना पुरेसा खाली येईल आणि आत एक उभी आडपट्टी राहील, अशी रचना फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी. त्रिकोणी भिंतीत झरोके ठेवायचे असतील तर पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या झरोक्यांना खोल पट्ट्या आणि आतून लावता येईल अशी फळी हवी, म्हणजे जून-जुलैच्या झडीत ते बंद करता येतील.

वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर हल्ली सर्रास बसवला जातो. तो निरुपयोगी नाही, पण वळचण बंद असताना तो बसवला तर त्याला हवा फक्त घरातूनच मिळते, आणि तो खोल्यांतली वाफ पत्र्याकडे ओढून आणतो. तो बसवल्यावर ओल वाढली, अशी तक्रार त्यामुळेच येते. आत येणारी वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा कधीही लहान नसावी.

पावसाळ्याचे चार महिने

थंड देशांतल्या मार्गदर्शनाचा आपल्याला उपयोग संपतो तो इथे. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा जवळजवळ कोरडी असते, त्यामुळे ती माळ्यातून फिरवली की माळा सुकतो. जुलैमध्ये रत्नागिरीत किंवा देवगडात बाहेरची हवा रात्रंदिवस ९० टक्क्यांच्या आसपास असते. ती कितीही फिरवली तरी माळा तिच्यापेक्षा कोरडा होणार नाही. म्हणून पावसाळ्यात पंखा चोवीस तास चालू ठेवून उपयोग नाही. उघडीप मिळून पत्रा तापला की झरोके उघडावेत, म्हणजे गरम हवा ओल घेऊन बाहेर जाते. सलग झडीत आणि रात्री ते शक्य तेवढे लावून ठेवावेत.

या दिवसांत खरा परिणाम थोड्याशा उबेने होतो. २६ अंशांवर ९० टक्के असलेली हवा २९ अंशांपर्यंत तापवली, तर वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता सुमारे ७६ टक्क्यांवर उतरते. पृष्ठभागापाशी ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, त्यामुळे हे तीन अंश निर्णायक ठरतात. चुलीवरचा माळा सुका का राहायचा आणि तिथे ठेवलेली आमसुले, बी-बियाणे का टिकायची, याचे उत्तर धुराइतकेच या उबेत आहे. आज चूल नसली तरी वस्तू भिंतीला आणि पत्र्याला न टेकवता चार बोटे अंतर सोडून फळ्यांवर ठेवणे, कापडी सामान माळ्यावर न ठेवणे आणि महत्त्वाची कागदपत्रे व पुस्तके घट्ट डब्यात आर्द्रताशोषकासह ठेवणे, एवढे प्रत्येकाला करता येते.

पत्रा थंडच राहत असेल तर

फटी बुजल्या, झरोके झाले, माळ्याचा दवबिंदू बाहेरच्याइतका आला आणि तरीही थंडीत ठिबकते, असे नदीकाठच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत घडते, कारण तिथे रात्रीचा गारवा किनाऱ्यापेक्षा जास्त असतो आणि दव दाट पडते. अशा वेळी माळ्यातली हवा थंड पत्र्याला लागूच नये, हा उपाय उरतो. नवीन पत्रे घालायचे असतील तर आतून ओल धरून ठेवणारा लोकरीसारखा थर आधीच लावलेले पत्रे मिळतात. तो थर रात्री थेंब धरतो आणि दिवसा हवा लागून सुकतो, म्हणून त्यालाही खालून मोकळी हवा लागते. पफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेले पत्रे महाग, पण सर्वांत खात्रीचे. जुन्या पत्र्याखाली बंद छिद्रांच्या, म्हणजे आतून हवा-पाणी न जाणाऱ्या, फोमची शीट लावता येते, पण तिचा प्रत्येक सांधा आणि कड चिकटपट्टीने बंद झाली पाहिजे. बबल फॉइल (हवेच्या फुग्यांची चकचकीत शीट) नुसते खिळ्यांवर लोंबते ठेवले तर हवा त्याच्या मागे जाते, थेंब तिथे धरतात, आणि पत्रा गंजत असताना खालून सारे चकचकीत दिसते. असे अर्धवट काम करण्यापेक्षा ते न केलेले बरे.

वातानुकूलित खोली असेल तर सारे गणित उलटे होते आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. खोली २० अंशांवर ठेवली आणि माळ्यावरच्या हवेचा दवबिंदू २५ असला, तर आता थंड पृष्ठभाग पत्रा नसून सीलिंगचा बोर्ड असतो, आणि तो वरच्या बाजूने भिजतो. खालून पाहणाऱ्याला पुन्हा छप्पर गळते असेच वाटते. थंड देशांत वाफ अडवणारा थर सीलिंगच्या खालच्या, खोलीकडच्या अंगाला ठेवतात. आपल्या वातानुकूलित खोलीवर तो वरच्या, माळ्याकडच्या अंगाला हवा. परदेशी चित्रे पाहून काम करणारे इथेच चुकतात. बोर्डावर उघडी काचलोकर अंथरणे टाळावे, ती हीच ओल धरून ठेवते. त्याऐवजी बंद छिद्रांचा फोम सांधे मिटवून घालावा आणि यंत्र २५-२६ अंशांवर चालवावे.

दुरुस्तीनंतर

बुरशी काढताना तोंडाला मास्क आणि हातमोजे हवेत. साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून लाकूड पूर्ण सुकू द्यावे. ब्लीच लाकडाच्या वरच्या थरापुरतेच काम करते, आणि ते शौचालय साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते कोरडे घासू किंवा कापू नयेत. वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपली पद्धत चांगली आहे, मात्र ते त्वचेला भाजते आणि ओल्या लाकडावर लावले तर आतली ओल आतच राहते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली आल्यावरच ते लावावे.

समुद्राजवळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उघड्या लोखंडी पाइपावर थेट ठेवू नये, मध्ये रबराची पट्टी घालावी. रबरी वॉशर दर दोन-तीन वर्षांनी हाताने चाचपून पाहावेत. ते कडक लागले की सीलंट न भरता वॉशरच बदलावेत.

गणपती झाल्यावर कुलूप लागून पुढे मे महिन्यातच उघडणाऱ्या घरांत, निघण्याआधी माळ्याचे दार घट्ट लावावे, वळचणीचे व आढ्याचे झरोके उघडे ठेवून त्यांच्या जाळ्या साफ कराव्यात, टाकी रिकामी करावी, पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा आणि गाद्या खाटेवर उभ्या ठेवाव्यात. शेजारच्या कोणाला ऑक्टोबरच्या उन्हात एकदा दारे-खिडक्या उघडायला सांगता आले, तर दिवसभर ती उघडी ठेवून संध्याकाळी दव पडण्याआधी लावून घ्यायला सांगावे.